रोटरी, पंखा आणि अण्णा

गेल्या शनिवारी मिस्त्रींच्या विमानाचं इंजिन उतरवायला हँगरवर गेलो होतो. मिस्त्री म्हणजे आमचे इथले, ओहायोतले शेजारी. जन्माने अमेरिकन, आयुष्यभर एका कारखान्यात लेथवर काम केलेले. अण्णांनी (माझे वडील) २००९ साली त्यांना पहिल्यांदा पाहिलं, हात मिळवताना त्यांच्या नखांतलं काळं वंगण पाहिलं आणि "हे मिस्त्री आहेत" असं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांना दुसरं नाव नाही. खुद्द त्यांनाही ते माहीत आहे.

आता त्यांची चौऱ्याऐंशी उलटली. डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा विमान विकलं. विकत घेणारा मुलगा चांगला आहे. विमान बघून खूश झाला, पण म्हणाला, इंजिन नको, मी तिथे लायकमिंग बसवणार. मिस्त्री काही बोलले नाहीत. मलाच ते लागलं. कारण त्या इंजिनात थोडे अण्णाही आहेत. तर मंडळी, आज त्या इंजिनाची गोष्ट. ताई म्हणेल, पुन्हा यंत्रं! असो.

मिस्त्रींच्या विमानात माझ्दाचं १३बी हे रोटरी इंजिन होतं, जुन्या आरएक्स-७ गाडीतून भंगारवाल्याकडून आणलेलं. आता 'रोटरी' हा शब्द विमानाच्या इतिहासात दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा. हा घोळ आधी निस्तरतो.

पहिली रोटरी फ्रान्सची. लुई आणि लोराँ सेगँ या भावांनी १९०८ च्या सुमारास 'नोम' नावाचं इंजिन केलं. सात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. गंमत अशी की क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बोल्ट केलेला आणि सगळे सिलिंडर त्याच्याभोवती गरागरा फिरायचे, पंख्यासकट! पन्नास हॉर्सपॉवर, मिनिटाला सुमारे बाराशे फेरे. फिरता फिरता सिलिंडर आपसूक थंड व्हायचे, रेडिएटरची गरज नाही. ऑगस्ट १९०९ मध्ये ऱ्हँसच्या मेळ्यात आँरी फार्मानने याच इंजिनावर सर्वांत लांब पल्ल्याच्या उड्डाणाचं बक्षीस मारलं आणि पुढची सात-आठ वर्षं विमानविद्येवर या फिरत्या इंजिनांचंच राज्य होतं. वंगणाला चक्क एरंडेल! पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून. तेल एकदाच वापरून बाहेर फेकलं जायचं, ते थेट वैमानिकाच्या तोंडावर. त्याचा पोटावर काय परिणाम व्हायचा हे लहानपणी आजीच्या हातून एरंडेल घेतलेल्यांना सांगायला नको :-) १९१७ मध्ये हरदित सिंग मलिक फ्लँडर्सवर सॉपविथ कॅमल उडवायचे, त्याच्या नाकातही असंच फिरतं धूड होतं. कॅमल वळताना एका बाजूला झटकन आणि दुसऱ्या बाजूला नाखुशीने वळायचं ते या धुडाच्या भोवऱ्यामुळे.

या रोटरीचा एक गुण मात्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. इंजिन आणि पंखा एकाच वेगाने फिरायचे आणि तो वेग पंख्याला मानवणारा होता. मधे गियर नको, साखळी नको.

साखळी म्हटल्यावर राइट बंधू आलेच. आमच्यापासून डेटन लांब नाही, त्यामुळे पाहुण्यांना तिथे नेणं हे आमच्या घरचं कुळधर्मासारखं काम आहे. कॅरिलॉन पार्कात राइट बंधूंचं १९०५ चं विमान ठेवलंय. अण्णांना तिथे नेलं. लोक पंख बघतात, अण्णा मागे जाऊन साखळ्या बघत बसले. एक इंजिन, दोन पंखे, दोन सायकलसारख्या साखळ्या. एक साखळी सरळ, दुसरीला पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखी टाकलेली, म्हणजे दोन पंखे उलटसुलट फिरतात.

"गुऱ्हाळावर पट्ट्याला पीळ द्यायचो की आपण," अण्णा म्हणाले. "ह्यांनी साखळीला दिलाय."

अण्णांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनं दुरुस्त करायची आणि ती पंपाला, गिरणीला, उसाच्या घाण्याला जोडून द्यायची. या 'जोडून देण्यात'च त्यांचं आयुष्य गेलं. इंजिनाचा एक ठरावीक वेग, पंपाचा दुसरा, घाण्याचा तिसरा. मधल्या पुलीचा व्यास चुकला की चांगलं इंजिन धापा टाकतं आणि शेतकरी इंजिनालाच शिव्या घालतो.

राइट बंधूंची अडचण नेमकी हीच होती. त्यांचं १९०३ चं इंजिन बारा हॉर्सपॉवरचं, मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेणारं. पंखे साडेआठ फुटांचे, त्यांना साडेतीनशेच्या आसपास फेरे पुरेत. म्हणून साखळीने वेग उतरवला. पंख्याचं गणित त्यांना आयतं कुठेच मिळालं नाही. जहाजांचे प्रॉपेलर बनवणारे सुद्धा अंदाजपंचे काम करत होते. शेवटी पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच आहे, हे दोघांनी भांडूनभांडून शोधून काढलं आणि स्प्रूसच्या फळ्या चिकटवून हातकुऱ्हाडीने आणि रंध्याने पंखे घडवले. त्या पंख्यांच्या प्रतिकृती अलीकडे तपासल्या तेव्हा इंजिनाच्या ताकदीचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग त्या ओढीत बदलतात असं दिसलं. शंभर वर्षांपूर्वीच्या सायकलवाल्यांना मानलं पाहिजे.

पण शाळेच्या पुस्तकात न येणारी गोष्ट नोव्हेंबर १९०३ ची आहे. किटी हॉकला इंजिन चालू केलं, ते नीट पेट घेईना, झटके मारू लागलं. त्या झटक्यांनी पंख्यांचे पोकळ शाफ्ट निकामी झाले. ते दुरुस्तीला डेटनला पाठवले. नवे जाड शाफ्ट आले, तर साखळीची दातेरी चाकं सैल होऊ लागली. कितीही नट आवळा, पुन्हा सैल. शेवटी सायकलचे टायर चिकटवायचं सिमेंट ओतून ती घट्ट केली. मग २८ नोव्हेंबरला एका शाफ्टला पुन्हा तडा. ऑरव्हिल स्वतः रेल्वेने डेटनला गेला, भरीव स्प्रिंग स्टीलचे शाफ्ट घडवून ११ डिसेंबरला परत आला. १७ डिसेंबरला जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पंख, सुकाणू, इंजिन सगळं तयार असताना जगातलं पहिलं विमान महिनाभर अडलं ते इंजिन आणि पंखा यांच्या मधल्या जोडात.

आता दुसरी रोटरी. ही जर्मनीची. फेलिक्स वांकेल (१९०२ ते १९८८) हा कॉलेजात न गेलेला माणूस. नाझी पक्षाशी याचे जुने लागेबांधे, युद्धात विमानांच्या इंजिनांसाठी व्हॉल्व्ह आणि सील यांवर काम केलेलं. माणूस म्हणून प्रेम बसावं असा नाही. पण कल्पना अफलातून. दट्ट्या वरखाली करायचाच कशाला? फुगीर बाजूंचा एक त्रिकोण घ्या, तो मधे किंचित दाबलेल्या, भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत फिरवा. त्रिकोणाची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत फिरतात आणि तीन कप्पे आळीपाळीने लहानमोठे होतात. ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं, सगळं फिरताफिरताच. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ ला पहिलं इंजिन चाललं. त्यात बाहेरची पोकळीसुद्धा फिरत होती. हान्स डीटर पाश्केने ती स्थिर करून इंजिन साधं केलं, तर वांकेलची तक्रार अशी की माझ्या शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपलं. आज आपण जे वांकेल इंजिन म्हणतो, ते हे नांगराचं घोडं.

एनएसयूची १९६७ ची आरओ ८० गाडी दिसायला देखणी, पण त्रिकोणाच्या टोकांवरची सीलं झिजायची आणि इंजिनामागून इंजिन वॉरंटीत बदलता बदलता कंपनी बुडायला आली. १९६९ मध्ये फोक्सवॅगनने ती घेतली. हिरोशिमाच्या तोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझ्दाने, १९६१ मध्ये परवाना घेतला होता. त्यांनाही तेच भोगावं लागलं. पोकळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. त्यांना तिथले लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या सत्तेचाळीस इंजिनिअरांनी शोधलं तेव्हा कळलं की दोष नुसता झिजेचा नव्हता. सील स्वतःच्या सुरात थरथरत होतं. सतार छेडल्यावर तरफेची तार आपोआप बोलते, तसं. सीलच्या टोकाशी आडवीउभी भोकं पाडून त्याचा सूर बदलला, तर ओरखडे गेले. पुढे कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सीलं करून मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. तिथून आरएक्स-७, १९९१ मध्ये ल मांसची शर्यत, आरएक्स-८ आणि २०१२ मध्ये तिचा शेवट. २०२३ पासून माझ्दाने एका गाडीत छोटी रोटरी परत आणलीय, पण फक्त बॅटरी चार्ज करायला.

विमानवाल्यांना हिचा मोह पडला यात नवल नाही. कर्टिस-राइटने (हो, तेच राइट, निदान नावापुरते) १९५८ मध्येच परवाना घेतला होता आणि साठच्या दशकाच्या अखेरीला लॉकहीडने क्यू-स्टार नावाच्या दबक्या पावलांच्या विमानात त्यांचं वांकेल उडवून पाहिलं. पण खरा संसार केला तो गराजमध्ये विमानं बांधणाऱ्यांनी. ही जमात अमेरिकेत जुनी आहे. मिनेसोटात बर्नार्ड पीटेनपोलने १९२९ च्या सुमारास फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला लावलं होतं. १९५३ मध्ये मिलवॉकीत पॉल पोबरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची संघटना काढली. तिची जत्रा १९७० पासून दर उन्हाळ्यात ऑशकॉशला भरते, आमची पंढरीच म्हणा. (आपल्याकडे कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी सहा सीटचं विमान बांधलं. विमान बांधून झालं, पण त्याची सरकारी नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. इथे कायद्याने वाट ठेवलीय. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं की झालं.)

विमानाचं नवं लायकमिंग महाग, १३बी भंगारात मिळतं. दोन रोटर आणि एक शाफ्ट, एवढेच मुख्य फिरते भाग. सील गेलं तरी सहसा एकदम बंद न पडता कण्हत का होईना घरी आणतं, अशी ख्याती. दोष? पेट्रोल जास्त पितं, धुराडं लालबुंद होतं, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि रोटर तेलाने थंड होतो म्हणून पाण्याच्या रेडिएटरइतकंच महत्त्व तेलाच्या कूलरला. आणि मोठी गोम ही की सगळी ताकद मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपाशी.

हिशोब करून बघा. मिस्त्रींचा पंखा ६८ इंची. तो सहा हजारांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ५४० मीटर, ध्वनीच्या दीडपट! पंखा ओढायचं सोडून फक्त किंचाळेल. म्हणून मधे गियर. फोर्डच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्समधले ग्रहमालेसारखे दाते घेऊन हौशी लोकांनी २.१७ ला एक असा गियर बनवला. सहा हजाराचे २७६५ फेरे झाले, टोकाचा वेग २५० मीटर. बरोबर लायकमिंगच्या जवळपास. पुढे २.८५ चा आला, त्यावर आणखी मोठा, सावकाश पंखा चालतो. पण गियर आला की राइट बंधूंचा जुना पाहुणाही येतो. इंजिन झटक्याझटक्यांनी पीळ देतं, जड पंखा त्याला दाद देत नाही आणि मधले दाते खडखडतात. मिस्त्रींचं इंजिन १५०० च्या आसपास आलं की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. त्यांनी आयडल वर उचललं आणि त्या टापूत रेंगाळायचं नाही असा नियम केला.

२००९ च्या ऑगस्टमध्ये विमानाला दोर बांधून पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल दिला. पाच हजार तरी यायला हवे होते, काटा ४३०० ला अडला. मिस्त्री हिरमुसले. मग पंधरा दिवस इंजिनामागे लागले. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग, एक आधी पेटतो, दुसरा किंचित मागून. ती वेळ तपासली. इंधन तपासलं. मग हवेचे पाइप लांब-आखूड करून पाहिले. यात खरोखर शास्त्र आहे. एका रोटरच्या दाराच्या उघडझापीने हवेत जी लाट उठते ती पाइपातून फिरून दुसऱ्याच्या दाराशी नेमक्या वेळी पोचली, तर फुकटात जास्त हवा आत जाते. पाइपाची लांबी एकाच वेगाला जुळते, पण विमानाचं इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालतं, त्यामुळे इथे तंबोरा लावल्यासारखं जुळवता येतं. मिस्त्रींनी इंचाइंचाने पाइप बदलले. काटा ४३०० वर ढिम्म.

अण्णा रोज घडीची खुर्ची टाकून बसायचे. पंधराव्या दिवशी मला म्हणाले, "इंजिनाला काय धाड भरलीया? पंखा जड पडतोय. सांग त्येला."

मी सांगितलं. मिस्त्री थोडे रागावलेच. पंखा त्यांनी स्वतः मागणी देऊन करून घेतला होता, जास्तीत जास्त वेग मिळावा म्हणून मुद्दाम जास्त पिचचा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा लाकडात घुसणाऱ्या स्क्रूसारखा किती पुढे जाईल ते अंतर. ७२ इंच पिच आणि २७०० फेरे म्हणजे ताशी सुमारे २९५ किलोमीटर. पिच वाढवला की कागदावर वेग वाढतो. पण पंख्याची भूक फेऱ्यांच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. उलट बाजूने बघा, पाच हजारांऐवजी ४३०० वर अडलेला तोच पंखा जेमतेम ६४ टक्के ताकद घेत असतो. आणि इंजिन तेवढ्यावर अडकलं की त्याची खरी ताकद ज्या फेऱ्यांत आहे तिथे ते कधी पोचतच नाही. जड पुली लावलेल्या पंपासारखं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कोनमापक घेऊन बसले, पात्यावर ठिकठिकाणी कोन मोजले, रात्रभर वहीत आकडे मांडले आणि सकाळी येऊन अण्णांसमोर दोन्ही हात जोडले. नमस्कार कुठे शिकले कोण जाणे. पंखा परत गेला, कारागिराने तासून पिच कमी केला. तोवर अण्णांची परतीची तारीख आली. ऑक्टोबरात मी त्यांना ईमेलने काट्याचा फोटो पाठवला: ५०००. मग पाइपांची लांबीही बोलू लागली, आणखी शे-दीडशे फेरे मिळाले.

त्यानंतर चाळीस तासांची चाचणी. प्रमाणपत्र नसलेलं इंजिन असेल तर तेव्हाच्या नियमाने पहिले चाळीस तास एकट्याने, ठरलेल्या टापूत. या काळात मिस्त्रीणबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घरी बांधलेल्या विमानांचे अपघात बरेचसे सुरुवातीच्या उड्डाणांत होतात, त्यातही इंजिन बंद पडणं हे मोठं कारण, हे २०१२ च्या सरकारी अभ्यासातही आलंय. त्यांना अभ्यासाची गरज नव्हती. सतराव्या तासाला पाण्याचा एक पाइप सुटला. क्लिप मिस्त्रींनीच नीट आवळली नव्हती. वाफा काढत ते जवळच्या धावपट्टीवर उतरले. इंजिन वाचलं. त्या दिवशी बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "आणि ते शेतात उतरायचं ठरलं असतं तर?"

जुलै २०११ मध्ये अण्णा पुन्हा आले, वय बहात्तर. मिस्त्रींनी पहिल्या दिवशीच विचारलं, चलता? सांगलीहून ताईचा फोन, "तू अण्णांना त्या घरगुती विमानात बसवणार?" मलाही नको होतं. आतमध्ये कायद्याने लावलेली पाटी असते: हे विमान हौशी माणसाने बांधलंय, नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत ते बसत नाही. मी ती मुद्दाम मोठ्याने मराठीत वाचून दाखवली.

अण्णा म्हणाले, "आपल्या वर्कशॉपातल्या कुठल्या इंजिनावर सरकारचा शिक्का हुता रं?"

वीस मिनिटं. मी हँगरच्या दारात उभा होतो आणि तो रोटरीचा भिरभिरता आवाज कान फाटेपर्यंत ऐकत होतो, तो थांबू नये एवढीच इच्छा. उतरल्यावर त्यांनी आकाशाबद्दल, खालच्या मक्याच्या शेतांबद्दल काही सांगितलं नाही. म्हणाले, "वर गेल्यावर गियर वाजत न्हाई." मिस्त्रींना मी त्याचं भाषांतर करून सांगितलं, तर ते इतके खूश झाले की बाईंना हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शनिवारी चेनब्लॉकला लटकलेलं इंजिन उतरवताना मिस्त्री खुर्चीवर बसून नुसते हाताने खुणा करत होते. इंजिन त्यांनी घरी नेलंय, उघडून सीलं मोजायची म्हणतात, चष्म्यावर भिंग लावून. लायकमिंगला तो पंखा चालणार नाही, म्हणून तो मला दिला. साधारण पावणेसहा फूट आहे. सध्या सोफ्यामागे उभा आहे आणि बायकोने त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. ताई, फोटो उद्या टाकतो.